निकालाचा रकाना

जिल्हा परिषदेच्या शाळेतून सेवानिवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या जालन्याच्या चर्चच्या मंडळीत सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा शुभसंदेश, सांगण्याचे प्रशिक्षण सुरू झाले आणि पाळकसाहेबांनी मला न विचारताच माझे नाव यादीत घातले. "बाई, तुमचा जन्म शिकवण्यात गेला, तुम्हाला बोलायचं काय ओझं," असे ते म्हणाले. बोलण्याचे ओझे मला खरोखरच नव्हते; पण नोकरीच्या सगळ्या काळात शाळेच्या आवारात मी विश्वासाविषयी अवाक्षर काढले नव्हते आणि ते भीतीपोटी नव्हते. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम २८ सांगते आणि मला ते मनापासून पटत असे. समोर बसलेल्या मुलांचे गुण माझ्या हाती असल्यामुळे ती माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत. त्या डोलावलेल्या मानांचा प्रभूसाठी उपयोग करून घेणे मला अप्रामाणिक वाटले असते. निवृत्तीनंतर ती अडचण उरली नाही. आता मी ज्यांच्याशी बोलणार होते ती माणसे मला तोंडावर 'नको' म्हणू शकणारी होती, आणि सुवार्ता सांगायची तर समोरच्याला 'नको' म्हणण्याची मोकळीक असलीच पाहिजे, हे माझे मत त्या प्रशिक्षणाच्या कितीतरी आधीपासूनचे आहे.

प्रशिक्षण म्हणजे फार मोठे काही नव्हते. बुधवारच्या प्रार्थनासभेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही मोजकी माणसे सतरंजीवर बसत असू. स्वतःची साक्ष, म्हणजे ख्रिस्तामुळे आपल्या आयुष्यात काय बदलले ती गोष्ट, तीन-चार मिनिटांत कशी सांगावी, ख्रिस्ताचे मरण आणि पुनरुत्थान यांचा अर्थ साध्या बोलण्यात कसा मांडावा, ज्यांना सांगायचे आहे त्यांची नावे वहीत लिहून आधी त्यांच्यासाठी प्रार्थना कशी करावी, असा तो क्रम होता. आम्हाला दिलेल्या छापील पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिले होते की सांगणे हे आपले काम आहे आणि फळ देणे हे देवाचे. नापास झालेल्या मुलाच्या आईवडिलांची समजूत काढताना आम्ही शिक्षक जे बोलतो, तशा सुरातले ते वाक्य मला तेव्हा वाटले. आज माझे मत असे आहे की ते वाक्य पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हवे होते, कारण फळ कोणाच्या हाती आहे हे आधी मनात पक्के झाले नाही, तर सांगण्याची सगळी रीतच बिघडते.

साक्ष लिहायला बसल्यावर माझी पंचाईत झाली. आमच्या वर्गात दारू सोडून प्रभूकडे वळलेला एक रिक्षाचालक होता आणि त्याच्या साक्षीचे आधी व नंतर असे दोन स्वच्छ भाग पडत होते. मी मात्र जन्माची ख्रिस्ती. माझे पणजोबा बेथेलच्या वस्तीत वाढले, असे आमच्या घरात सांगत. बेथेल ही वस्ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर वसवली होती. अशा घरात जन्मलेल्या माणसाला बायबल, उपासना संगीत आणि नाताळ हे सगळे वारशाने मिळते. पण वारशाने मिळालेली गोष्ट दुसऱ्याला साक्ष म्हणून कशी सांगणार? पाळकसाहेबांनी मला एकच प्रश्न विचारला: "ख्रिस्त नसता तर तुमच्या आयुष्यातली कोणती गोष्ट वेगळी घडली असती, तेवढीच लिहा."

तेव्हा मी हक्कसोडपत्राची गोष्ट लिहिली. वडील गेल्यावर भावाने जमिनीच्या हक्कसोडपत्रावर माझी सही मागितली. जमीन कोरडवाहू, पाऊस चुकला की बियाण्याचेही पैसे निघू नयेत अशी. तरीही मी सही दिली नाही, त्यानेही मनधरणी केली नाही, आणि आमचे बोलणे बंद झाले. पुढे एका उपवासकाळात मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील त्या दासाचा दाखला वाचताना, ज्याला राजाने डोंगराएवढे कर्ज सोडले आणि ज्याने बाहेर येताच चिल्लर रकमेसाठी सोबत्याचा गळा धरला, मला पुढे वाचवेना. त्या आठवड्यात मी भावाच्या गावी गेले. जमिनीचा प्रश्न तलाठ्याच्या कार्यालयात नंतर रीतसर सुटला आणि माझा हिस्सा मी घेतलाही. मनातली अढी मात्र त्याआधीच गेली होती आणि ती माझ्या स्वभावाने गेली नसती, एवढे मला पक्के ठाऊक आहे. मराठवाड्यात बांधाचा किंवा हिश्श्याचा वाद नाही असे घर क्वचितच सापडते. त्यामुळे ही साक्ष पुढे जिथे जिथे सांगितली, तिथे ऐकणाऱ्याने आधी जमीन किती, असे विचारले आणि मग भावाविषयी विचारले.

बोलायला बाहेर पडण्यापूर्वी पाळकसाहेबांनी आम्हाला काही मर्यादा घालून दिल्या. आजाऱ्याच्या खाटेपाशी धर्माची गोष्ट काढायची नाही. बरे होण्याचे वचन द्यायचे नाही. कपडे, धान्य, औषध यांपैकी काही द्यायचे असेल तर ते द्यावे, पण त्या दिवशी सुवार्ता सांगू नये. दुसऱ्याच्या दैवताविषयी वाईट बोलायचे नाही. आणि अल्पवयीन मुलाशी आईवडिलांच्या संमतीवाचून या विषयावर बोलायचे नाही. शेवटच्या मर्यादेसाठी त्यांनी शेषाद्रींच्याच घरातील गोष्ट सांगितली. नारायण शेषाद्री ब्राह्मण कुटुंबातले. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता, पण तो लहान असल्यामुळे वडील न्यायालयात गेले, न्यायालयाने मुलाला वडिलांच्या हवाली केले, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबईत मोठे वादळ उठले, ज्यात बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या शुद्धीच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. एका घरातले दोन भाऊ, कानावर पडलेले शब्द तेच, आणि दोघांच्या वाटा दोन दिशांना गेल्या. पाळकसाहेबांनी ही गोष्ट अल्पवयीनांच्या संदर्भात सांगितली होती. माझ्या मनात ती आणखी एका कारणासाठी राहिली. ज्यांच्यामुळे माझे घराणे ख्रिस्ती झाले, त्यांना आपल्या पाठच्या भावालाही आपल्यासोबत आणता आले नव्हते.

कायद्याचाही एक तास झाला. कलम २५ प्रत्येक व्यक्तीला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात असे म्हटले की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आमच्या लोकांमध्ये या निकालाविषयी नाराजी आढळते आणि तिची कारणेही आहेत. मला मात्र तो निकाल ऐकताना योहानाच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय आठवला, जिथे प्रभू स्वतः म्हणतो की पित्याने ओढल्याशिवाय कोणी माझ्याकडे येऊ शकत नाही. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क मला नाही असे न्यायालय म्हणते. ती ताकदही मला नाही असे बायबल म्हणते. माझ्याकडे उरते ते सांगणे, आणि तेवढे मला पुरेसे आहे.

आरंभीच्या दिवसांत सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेला प्रश्न देवाविषयीचा नव्हता, पैशाचा होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने, जो माझा जुना विद्यार्थी नव्हे पण मला बाईच म्हणतो, साखर जोखता जोखता सरळ विचारले, "बाई, एका माणसामागं किती सुटतात तुम्हाला?" मी त्याला सांगितले की सुटण्याचे सोड, मंडळीला दशांश देण्यात माझ्याच पेन्शनीतून दर महिन्याला जातात. त्याने मान हलवली, विश्वास ठेवला नाही, आणि साखरेची पुडी बांधून दिली. अशा वेळी मला राग येत नाही, याचे कारण माझा सोशिकपणा नव्हे. त्याला पटवून देण्याची सक्ती माझ्यावर नाही, हे एकदा मान्य केले की माणसाच्या संशयाकडे स्वच्छ नजरेने पाहता येते. मिशनच्या नावाभोवती दाणापाण्याची चर्चा दुष्काळांच्या काळापासून चालत आलेली आहे आणि तिच्यातले सगळेच खोटे आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

याहून अवघड प्रश्न एका माजी विद्यार्थ्याने विचारला. तो छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयात, म्हणजे १९५० साली बाबासाहेबांनी सुरू केलेल्या महाविद्यालयात शिकलेला, बौद्ध घरातला, आता एका बँकेत नोकरीला. माझे सगळे बोलणे त्याने नीट ऐकून घेतले आणि मग विचारले, "बाई, बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं त्यांनी सगळे धर्म तपासले, तुमचं बायबलही वाचलं. मग ते ख्रिस्ती का झाले नाहीत?" या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर देता येते, पण मी ते दिले नाही. मी म्हटले की ख्रिस्ती झालेल्यांनीही आपापली जात सोबत आणली, ही बाबासाहेबांची टीका होती आणि ती खरी होती. आमच्या मंडळ्यांमध्ये आजही सोयरीक जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते. त्याने पुढचा मुद्दा काढला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये त्यांत शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. "मी तुमचं ऐकलं तर माझ्या मुलीचा दाखला जाईल, हे तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होतं की नाही?" मी म्हटले की हो, सांगायला पाहिजे, आणि सांगतेच, किंमत झाकून ठेवून सुवार्ता सांगणे हा फसवणुकीचा प्रकार होईल, आणि प्रभूने स्वतः लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितले आहे.

तो बौद्ध आहे आणि राहील असे मला वाटते. चौदा एप्रिलला तो मला घरी बोलावतो, मी जाते, खीर खाते. नाताळच्या संध्याकाळी तो पत्नीला आणि मुलीला घेऊन येतो. वहीत त्याचे नाव आहे आणि त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करते, हे मी त्याला सांगितलेले आहे. "करा बाई, त्याला माझी ना नाही," असे तो म्हणाला.

मंडळीतील आमच्या अहवालासाठी एक छापील तक्ता होता. त्यात 'किती जणांना सांगितले' असा एक रकाना आणि 'किती जणांनी स्वीकारले' असा दुसरा. आयुष्यभर निकालपत्रके भरल्यामुळे तक्त्यांशी माझे वैर नाही. पण हा दुसरा रकाना पाहिल्यावर मी लेखणी खाली ठेवली. शेजारच्या माणसाच्या अंतःकरणात देवाने काय केले हे मला कसे कळणार, आणि ते मी आकड्यात कोणत्या अधिकाराने लिहिणार? त्याच सुमारास बाहेरगावाहून आलेल्या एका वक्त्यांनी एका वस्तीवरील सभेत, ज्यांना ख्रिस्त हवा आहे त्यांनी हात वर करावेत, असे आवाहन केले आणि जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. वक्ते हर्षभरित झाले. मी त्या माणसांना ओळखत होते. आपल्याकडे कोणी पाणी घेणार का म्हणून विचारले तरी तहान नसताना 'हो' म्हणण्याची आपली पद्धत आहे. इतक्या लांबून आलेला माणूस जीव तोडून बोलतो आणि शेवटी हात वर करा म्हणतो, त्याला हात वर न करून लाजवायचे कसे, असा तो सगळा मामला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी एक आजी मला म्हणाल्या, "चांगला बोलला गं पोरगा, घसा कोरडा पडला त्याचा." त्या हातांचा आकडा मात्र कोणत्या तरी अहवालात नक्की गेला असेल.

मी माझा तक्ता दुसरा रकाना कोरा ठेवूनच दिला. समितीतील एका भावांनी आक्षेप घेतला. आकडा नसेल तर पुढच्या वर्षीचे काम कसे ठरवायचे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते अगदीच अवाजवी नव्हते. मी त्यांना इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांचे उदाहरण दिले. केरी १७९३ च्या अखेरीस बंगालात उतरले आणि त्यांनी भारतीय माणसाला पहिला बाप्तिस्मा दिला तो १८०० च्या डिसेंबरात, कृष्ण पाल नावाच्या सुताराला. मधल्या सात वर्षांत कोणी त्यांच्याकडून असा तक्ता भरून घेतला असता तर शून्यांपलीकडे काही लिहिता आले नसते, आणि त्याच केरींच्या बंगालातील श्रीरामपूरच्या छापखान्यातून पुढे १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. दुसरे उदाहरण आपल्या घरचे. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांशी बोलणे काढून त्यांना नवा करार दिला. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १८९५ च्या फेब्रुवारीत झाला. त्या सहप्रवाशाने आपल्या तक्त्यात काय भरले असते? फार तर 'एका ब्राह्मण गृहस्थाला पुस्तक दिले.' आणि टिळक स्वतः कवी, कीर्तनकार, भल्याभल्यांना हलवणारे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्या झाल्या त्या काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पायांनी चालत. पाळकसाहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि तक्ता वरून आलेला असल्यामुळे तो बदलता येणार नाही, पण आपल्या मंडळीपुरते दुसऱ्या रकान्यात 'देवास ठाऊक' असे लिहायला हरकत नाही, असा मधला मार्ग काढला. समितीतील भावांना तो पटला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आकड्यांच्या या गोष्टीला एक पुरवणी आहे. आमच्या भागातील एक ऊसतोड जोडपे एका नाताळच्या आधी आमच्या सभेला येऊ लागले होते. खरे तर दसऱ्यानंतर ती माणसे गावात नसतातच; मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून कारखान्याच्या वाटेला लागतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. त्या वर्षी बाईच्या बाळंतपणामुळे ती दोघे उशिरा निघाली, म्हणून त्यांची आमची गाठ पडली. मी त्या बाईला साक्ष सांगितली, ती ऐकताना ती बाळाला पाजत होती आणि शेवटी काहीच बोलली नाही. मग ती दोघे पश्चिम महाराष्ट्रात गेली. परत आली तेव्हा तिने सांगितले की तिकडे कारखान्याजवळच्या गावात एक लहान मंडळी आहे, तिथल्या लोकांनी त्यांच्या खोपीत येऊन प्रार्थना केली, आणि आता ती दोघे प्रभूवर विश्वास ठेवतात. पौलाने करिंथकरांना लिहिले आहे की मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण देव वाढवीत गेला. त्या ओळीत पौल आपले नाव देवाच्या किती खाली ठेवतो हे मी तोपर्यंत नुसते वाचलेले होते. ती दोघे गावी असली की आमच्याकडे क्वचित येतात, त्यांचा जीव तिकडच्या मंडळीत आहे. आमच्या तक्त्यात त्यांना कुठे बसवायचे हे समितीलाही उलगडले नाही.

आता शेजारच्या वहिनींविषयी लिहायला हवे, कारण या सगळ्या काळात माझे सर्वांत जास्त बोलणे त्यांच्याशीच झाले आहे. वहिनींचे माहेर पैठण तालुक्यातले, गळ्यात तुळशीची माळ, नाथषष्ठीची वारी चुकलेली नाही. उन्हाळ्यात त्या अंगणात बाजेवर शेवया वाळत घालतात, तेव्हा चिमण्या हाकलायला मी जाऊन बसते, आणि तिथेच आमचे बोलणे सुरू झाले. साक्ष ऐकल्यावर त्यांनी आधी जमीन किती हे विचारले, मग भावाविषयी, आणि मग म्हणाल्या, "ते पुस्तक दाखवा बरं." बायबल सोसायटीने छापलेली लूकच्या शुभवर्तमानाची पातळ प्रत मी त्यांना दिली.

वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाची सेवा करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे तर आमच्या नाथांनीच केलं. काशीची कावड घेऊन रामेश्वरला निघाले होते, वाटेत गाढव तहानेनं तडफडत होतं, सगळी गंगा त्याच्या तोंडात ओतली. मग तुमच्या ख्रिस्ताचं वेगळं काय?" प्रश्न रास्त होता. नाथांची ती कथा मलाही प्रिय आहे आणि तिचे मोल कमी करून ख्रिस्ताचे वाढवण्याची मला गरज वाटली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत, ते आठवले. मी एवढेच म्हटले की ख्रिस्ताने दया शिकवली म्हणून मी त्याला मानत नाही, दया अनेक संतांनी शिकवली. माझ्या पापासाठी तो मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, यावर माझा विश्वास आहे. वहिनींनी शेवया उलटवल्या आणि स्पष्ट सांगितले, "दुसऱ्याच्या पापासाठी कुणी मरतं हे मला नाही पटत. ज्याचं त्यानं फेडायचं." मी पुढे काही बोलले नाही. वाद घातला असता तर कदाचित मी जिंकलेही असते, शिक्षकाला ती कला येते. पण मग पुढच्या आठवड्यात त्यांनी पुस्तक उघडले नसते.

त्यांनी ते उघडले. पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या गोष्टीशी आम्ही बरेच दिवस थांबलो, कारण वहिनींनाही दोन मुलगे आहेत. थोरला गावाकडची शेती पाहतो, धाकटा पुण्याला असतो आणि फ्लॅटसाठी त्याने आपल्या वाट्याचे पैसे मागून नेले आहेत. धाकट्याला बापाने मिठी मारली, हे वाचताना त्यांनी डोळे पुसले. पण त्यांचे मन अडकले ते शेतातून परतलेल्या, वाजंत्रीचा आवाज ऐकून दाराबाहेर रुसून उभ्या राहिलेल्या थोरल्यापाशी. "बाप त्याला समजवायला बाहेर आला, हे बरं केलं," त्या म्हणाल्या. "पण पुढं काय झालं हो बाई? तो आत गेला का?" मी पान उलटून पाहिले. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी कितीदा वाचली आणि संडेस्कूलमध्ये शिकवलीही असेल, पण थोरला आत गेला की नाही हे प्रभूने सांगितलेलेच नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. बाप बाहेर येतो, विनवतो, घरातले सगळे तुझेच आहे असे सांगतो, आणि गोष्ट तिथेच संपते. ज्या परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना, प्रभू ही गोष्ट सांगत होता, त्यांच्यापैकी कोण आत गेला याची नोंद लूकने ठेवलेली नाही. मी वहिनींना म्हटले, "लिहिलेलं नाही." त्या म्हणाल्या, "अगं माय, मग तो अजून बाहेरच असायचा."

थोरला मुलगा या प्रकरणात लवकरच आला, म्हणजे वहिनींचा खरा थोरला. तो माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला, त्यामुळे उंबऱ्याबाहेर चप्पल काढून, आदराने, पण कपाळाला आठ्या घालून त्याने विचारले, "बाई, तुम्ही आम्हाला शिकवलंय म्हणून स्पष्ट विचारतो. आईला ख्रिस्ती करणार आहात का तुम्ही?" मी म्हटले, "ते माझ्या हातात नाही, बाळा, आणि असतं तरी मी केलं नसतं. मी सांगते, आई ऐकतात, प्रश्न विचारतात. त्यांनी थांबा म्हटलं की मी थांबेन." त्याने विचारले, "आणि त्यांनाच हवं वाटलं तर?" मी म्हटले, "तर ते त्या तुला सांगतील, माझ्या आधी." त्याने लूकची प्रत मागून घेतली आणि गावाकडे घेऊन गेला. त्यानंतर वाचन थांबले. तिळगूळ, दिवाळीचा फराळ, नाताळचा केक यांची देवाणघेवाण पूर्वीसारखीच चालू राहिली आणि त्या काळात मी वहिनींकडे धर्माचा विषय एकदाही काढला नाही.

देवावर भरवसा ठेवणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, हे मला त्या महिन्यांत कळले. वहीत त्यांच्या नावापुढे मी वाचनाच्या तारखा लिहीत असे, ते बंद झाले, नाव राहिले. रोज सकाळी पाच वाजता नळाचे पाणी येते, तेव्हा भांडी भरून होईपर्यंत मी त्या वहीतील नावे एकेक करून प्रभूपुढे ठेवते. मार्काच्या चौथ्या अध्यायातील शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे वाढते हे त्याचे त्यालाही कळत नाही. त्या दाखल्यात मला पूर्वी बी महत्त्वाचे वाटे. आता त्या शेतकऱ्याच्या झोपेकडे माझे लक्ष जाते, कारण निकालाची काळजी वाहणारा माणूस झोपू शकत नाही आणि मग तो दिवसभर शेजाऱ्याच्या दाराशी घिरट्या घालत राहतो.

मागच्या हिवाळ्यात वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यांना ताण द्यायचा नाही, टीव्ही पाहायचा नाही, हरिपाठ तोंडपाठ म्हणून तो चालू. पण दिवस जाईना. त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, "बाई, ते पुढचं वाचून दाखवा की." मला आमची मर्यादा आठवली, आजाऱ्याच्या खाटेपाशी विषय काढायचा नाही ही. विषय मी काढलेला नव्हता. तरी मी थोरल्याला फोन करून विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आईनंच म्हटलंय ना? मग वाचा." शनिवारी तो गावाहून आला तेव्हा लूकची ती प्रत त्याच्या पिशवीत होती. मधल्या काळात ती कोणी तरी वाचलेली दिसत होती, कारण सोळाव्या अध्यायातील लबाड कारभाऱ्याच्या दाखल्याला पेन्सिलने खूण केलेली होती. त्याने मला विचारलेही, की धन्याने त्या लबाडाची तारीफ कशी काय केली. हा दाखला मला स्वतःलाही कधी नीट उलगडलेला नाही, असे मी त्याला सांगितले आणि पाळकसाहेबांना विचारून कळवते म्हटले.

वहिनींची माळ गळ्यात आहे आणि येत्या षष्ठीला त्या पैठणला जाणार आहेत. आमचे वाचन तेविसाव्या अध्यायापर्यंत आले आहे. 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील,' असे वधस्तंभावरच्या चोराला प्रभू म्हणाला ते मी वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी मला थांबवून विचारले की त्या चोराने आपले फेडले कधी. मी म्हटले की फेडायला त्याला वेळच मिळाला नाही. त्यांनी तो भाग पुन्हा वाचायला सांगितला आणि मी पुन्हा वाचला. पाळकसाहेबांकडून कारभाऱ्याच्या दाखल्याचे उत्तर आले आहे. ते मला पूर्णपणे पटलेले नाही, पण शनिवारी थोरला आला की त्याला ते सांगून टाकीन.